बॉल रिंगवर असताना

कारखानीसांनी स्वतःच्या बायकोला लिंबू-चमच्याच्या शर्यतीतून बाद केलं, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

सिंगापूरला मरीन परेडच्या आसपास राहणारी आम्ही मराठी कुटुंबं दरवर्षी ईस्ट कोस्टच्या बागेत एक क्रीडादिन करायचो. क्रीडादिन म्हणजे नावालाच. खरा कार्यक्रम साबुदाणा वडे आणि गप्पांचा. शर्यतीत जो तो लिंबाला अंगठा लावून पळायचा आणि पंच म्हणून उभे केलेले काका दुसरीकडे बघायचे. त्या वर्षी कुणीतरी नवीन आलेल्या गृहस्थांना पंच केलं. सुनीता, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांच्या पुढे होती. दोरीपासून चार पावलांवर तिचा अंगठा लिंबाला लागला. एवढी कर्कश शिट्टी त्या बागेत यापूर्वी कधी वाजली नसेल. समुद्राकडे तोंड करून बसलेली दोन माणसं दचकून उठली.

"अहो, मी आहे!" सुनीता म्हणाली.

"दिसतंय. बाहेर."

आमच्यातले नेने समजूत घालायला गेले. घरचाच कार्यक्रम आहे, खेळीमेळीत घ्या वगैरे. कारखानीसांनी एक तळवा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं खालून त्याला टेकवली. पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दंड करण्याची ती बास्केटबॉलमधली खूण होती, हे आम्हाला नंतर कळलं. नेन्यांना तो काहीतरी वेगळ्या पद्धतीचा नमस्कार वाटला. त्यांनीही हात जोडले आणि मागे फिरले. मी हातातला वडा हातातच धरून बघत राहिले. असा माणूस मी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात हा माणूस रॅफल्स प्लेसला आमच्या बँकेत, अंतर्गत तपासणीच्या विभागात, बरोबर माझ्या समोरच्या टेबलावर येऊन बसला तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं आता.

दिसायला ते पंच वाटत नसत, खेळाडू तर नाहीच नाही. ठेंगणे, पोट सुटलेलं, पाय काड्यांसारखे. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि पँटच्या उजव्या खिशात कायम शिट्टी. मीटिंगमध्ये ते खुर्चीत सरकले की शिट्टीतली गोळी बारीक खुळखुळायची. नाशिकला कॉलेजच्या संघात ते होते, पण बाकावरचे. "उंची आईकडून आली आणि पोट वडिलांकडून. खेळायला दोन्ही कामाची नाहीत," असं स्वतःच सांगायचे. म्हणून त्यांनी शिट्टी हातात घेतली. आठवडाभर बँकेचे हिशेब तपासायचे आणि शनिवार-रविवारी सिंगापूरभर हिंडून क्लबांच्या सामन्यांत पंचगिरी करायची. हे त्यांचं आयुष्य.

जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एकतर अमेरिकन होती किंवा युरोपियन. त्यात देशांचा काही संबंध नव्हता, बास्केटबॉलचा होता. दर महिन्याला एकाचा फोटो लावून त्याला उत्कृष्ट कर्मचारी म्हणायचं, हे अमेरिकन. गणपतीची आरती युरोपियन, कारण तिथे कुणीही सुरू करतो, कुणीही उचलतो आणि शेवटी कोण चांगलं गायलं हे कुणाला आठवत नाही. आमचा साहेब अमेरिकन. सुनीताच्या हातची आमटी युरोपियन.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला ते कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपावर शिकवलं, मी मागितलेलं नसताना.

"मेधाबाई, अमेरिकेतला सामना म्हणजे लग्नातली पंगत. लांबलचक, झगमगाट, आणि सगळे नवरदेवाकडे बघतायत. एक हिरो बॉल घेऊन नाचतो, बाकीचे चौघं कोपऱ्यात पाहुण्यासारखे उभे. युरोपातला सामना म्हणजे घरचं जेवण. वेळ कमी, ताट साधं, पण बॉल पाचही हातांतून फिरतो तेव्हा कुठे बास्केट होते."

"पंगतीत जास्त मजा येते की," मी म्हटलं.

"येणारच. पण रोज पंगतीत जेवून बघा."

मग त्यांचा आवाज चढायचा. अमेरिकेत खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहराला देऊन टाकतात, त्या बापड्याला बातमीतून कळतं की आपलं बिऱ्हाड हललं! आणि जो संघ सगळ्यात शेवटी येतो त्याला पुढच्या वर्षी नवीन पोरांतलं चांगलं पोर आधी निवडायला मिळतं. "नापास होणाऱ्याला पहिलं ताट! युरोपातल्या देशांत बघा. शेवटी आलात? चला, खालच्या गटात. गाव रडतं, पण खाली जातं. याला म्हणतात हिशेब."

एवढं सगळं बोलणारा हा माणूस रोज सकाळी ऑफिसात बघायचा काय, तर अमेरिकन सामना. आपल्या घड्याळाप्रमाणे युरोपातले सामने अपरात्री असतात. ते कधीतरी पहाटे उठून बघायचे, पण ते काही रोज जमत नसे. अमेरिकन सामने मात्र बरोबर सकाळच्या कोपीबरोबर हजर. कारखानीस स्टेपलरला फोन टेकवायचे, आवाज बंद करायचे आणि एका डोळ्याने व्हाउचर आणि एका डोळ्याने अमेरिका, असं दुपारपर्यंत चालायचं.

"आवडत नाही तर बघता कशाला?" मी एकदा विचारलं.

"शिव्या द्यायला," ते म्हणाले. "शिव्या द्यायच्या तर नीट बघून द्याव्यात."

आमच्या विभागात वेई लिंग नावाची एक तरतरीत मुलगी होती, इथलीच, अमेरिकन लीगची वेडी. ती आणि कारखानीस समोरासमोर आले की आम्ही हातातली कामं टाकून बघायचो. एकदा विषय निघाला तो पंचांच्या चुकांचा. अमेरिकेत म्हणे अटीतटीचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी लीग स्वतःच जाहीर करते, शेवटच्या मिनिटांत पंचांनी कुठे बरोबर निर्णय दिला आणि कुठे चुकीचा. निकाल मात्र बदलत नाही.

"ॲटलीस्ट दे से सॉरी, व्हॉट," वेई लिंग म्हणाली.

कारखानीस खवळले. आम्ही जेवायला जायचो त्या हॉकर सेंटरमधल्या फिश सूपमध्ये त्यांचा चमचा तसाच उभा राहिला. निकाल बदलणार नसाल तर कबुली देता कुणासाठी? हरलेल्याच्या जखमेवर मीठ, जिंकलेल्याच्या घासात खडा, आणि कबुली देणारा तेवढा पवित्र! आज एखाद्याचा पाय तुडवायचा आणि उद्या त्याच्या घरी फुलं पाठवायची. "पंचाने शिट्टी वाजवली की वाजवली. चुकली तर ती त्याने पोटात ठेवावी आणि मरेपर्यंत पोटात ठेवावी. ती त्याची शिक्षा. लोकांना वाटायची नाही." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे लोकही ऐकायला लागले होते.

या माणसाची आयुष्यात एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी तोंडाने बोलून दाखवली नाही. मला ती सुनीताकडून कळली. शेजारच्या देशात आशियातल्या संघांची स्पर्धा व्हायची होती आणि इथून दोन पंच जाणार होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात शिट्टी वाजवायची, छातीवर तो बिल्ला लावायचा, यासाठी कारखानीस किती वर्षं झुरत होते कोण जाणे. वयाची अट होती. हे त्यांचं शेवटचं वर्ष.

"अगं, मी आत जाते तर हे आरशासमोर उभे," सुनीता हसत सांगायची. "कपाटाला फाउल देतायत. समोरच्या ब्लॉकमधले चिनी आजोबा खिडकीतून बघतात. त्यांना वाटतं हा ताय ची करतोय. तेही तिकडून हात हलवतात."

हसता हसता ती एकदम थांबायची. "होऊ दे गं बाई यांचं," म्हणायची.

निवड ज्याच्या हातात होती तो निरीक्षक मोसमाच्या शेवटच्या रविवारी सामना बघायला येणार होता. सेम्बावांगच्या एका हॉलमधला दुसऱ्या गटातला सामना. सुनीताने मला ओढूनच नेलं. तिच्या पिशवीत थालीपिठं होती आणि ती पिशवी ती सारखी या हातातून त्या हातात घेत होती.

सामना साधा नव्हता. इथल्या त्या स्पर्धेतही युरोपासारखीच रीत होती. हरणारा खालच्या गटात जाणार. एका बाजूला सेम्बावांगचाच जुना क्लब होता. जहाजांच्या गोदीत काम करणाऱ्यांनी कधीकाळी काढलेला, आता त्यांची मुलं खेळतात. खाली गेलं की हॉल हातचा जातो, इमारतींच्या मधल्या उघड्या कोर्टवर उन्हात खेळावं लागतं, आणि मग हळूहळू माणसं येईनाशी होतात. त्यांचा कप्तान होता बून. आठवडाभर बस चालवणारा, उंच, हडकुळा, तिशी उलटलेला. त्याचे वडीलही बाकाच्या मागे बसले होते आणि प्रत्येक बास्केटला छत्री जमिनीवर आपटत होते.

कारखानीस त्या दिवशी फार सुरेख दिसले, हे मला सांगितलंच पाहिजे. ते पोट, ते काडीसारखे पाय, सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. माणूस नुसता वाऱ्यासारखा या टोकाकडून त्या टोकाकडे. एकाही खेळाडूने त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. मी सुनीताचा हात दाबला.

शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा सेम्बावांग एका गुणाने पुढे होता. समोरच्याने दुरून बॉल टाकला. बॉल रिंगवर आदळला, थोडा उडाला, पुन्हा रिंगवर टेकला आणि आत पडू की बाहेर, असा डुगडुगायला लागला. सगळा हॉल वर बघत होता. बूनने उडी मारली आणि तळहाताने तो बॉल उडवून लावला.

शिट्टी वाजली. कारखानीसांचा हात वर गेला आणि दोन बोटं खाली आली. बूनने बॉलला हात लावायला नको होता, म्हणून बास्केट धरली. दोन गुण समोरच्यांना. उरलेल्या वेळात सेम्बावांगला काही करता आलं नाही. सामना गेला, गट गेला.

बूनने दोन्ही हात डोक्यावर घेतले. पण तो पंचाकडे वळला नाही. तो आपल्या माणसांकडे गेला आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माय फॉल्ट. माय फॉल्ट." त्याच्या वडिलांनी छत्री उचलली आणि ते बाहेर निघून गेले. निरीक्षक त्या वेळी शेजाऱ्याशी बोलत होता, पण नंतर त्याने येऊन कारखानीसांचा हात दोन्ही हातांत धरला. एवढ्या दडपणात एवढा ठाम निर्णय, फार छान, असं तो म्हणाला. परतताना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून कारखानीसांनी चार थालीपिठं खाल्ली. सुनीता मला कोपराने ढोसत होती.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे स्टेपलरला फोन टेकलेला. वेई लिंग कागद द्यायला म्हणून आली आणि तिथेच उभी राहून बघायला लागली. कारखानीसांनी तिला आदल्या दिवशीचा सगळा प्रसंग रंगवून सांगितला होता. अमेरिकेतल्या त्या सामन्यात नेमकं तेच झालं. बॉल रिंगवर, बचाव करणाऱ्याने उडी मारून उडवला, शिट्टी, बास्केट मोजली.

"सी! सेम लाइक यॉर्स!" वेई लिंगने टाळी वाजवली. "करेक्ट कॉल!"

मी सहज समोर बघितलं आणि घाबरले. कारखानीसांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता. मला वाटलं छातीत दुखतंय. मी उठून त्यांच्याकडे गेले. ते फोनकडेच बघत होते.

"ही अमेरिका आहे," ते म्हणाले.

"हो, मग?"

"मेधाबाई, ही अमेरिका आहे. तिथे रिंगवरच्या बॉलला हात लावायचा नसतो. आपल्याकडे तसं नाही. युरोपात नाही, इथे नाही. बॉल एकदा रिंगला लागला की कुणीही उडवावा. फक्त रिंगला हात लावू नये. त्याने लावला नव्हता. मी खालीच उभा होतो." त्यांनी फोन पालथा घातला. "बून बरोबर होता."

"तुम्हाला हा नियम माहीत नव्हता?"

"मी हा नियम नव्या पंचांना शिकवतो."

"मग शिट्टी का वाजवलीत?"

"वाजवली नाही. वाजली."

इतकी वर्षं ज्या खेळाला रोज शिव्या दिल्या, तो डोळ्यांतून हळूच आत उतरून या माणसाच्या हातात जाऊन बसला होता. आणि गंमत अशी की हॉलमधल्या एकालाही काही वावगं वाटलं नाही, कारण सगळे सकाळच्या कोपीबरोबर तीच अमेरिका बघत वाढलेले. दुसरा पंच लांब होता, त्याला वाटलं हात रिंगला लागला असेल. खुद्द बूनला वाटलं आपणच नियम मोडला. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तो माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी मी सुनीताकडे गेले. कारखानीस जेवले नव्हते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सुनीता म्हणाली. "शुक्रवारी नावं जाहीर होणार. तोंड उघडून काय मिळवणार आहात? निकाल बदलणार आहे?"

"नाही."

"मग? तुम्हीच म्हणता ना, चूक पोटात ठेवावी?"

"म्हणतो."

"मग ठेवा की!" तिचा आवाज फाटला. "एवढी वर्षं रविवारचं तोंड पाहिलं नाही मी तुमचं. कशासाठी ते?"

मीही सुनीताच्याच बाजूने बोलले. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते भिंतीकडे बघत बसले होते. तसेच बघत म्हणाले, "त्या पोराला वाटतंय त्याने क्लब बुडवला." एवढंच. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत निवळेल.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते कुठेतरी गेले आणि घाम पुसत परत आले. मला म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"बास्केटबॉल संघटनेच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. नाव काढलं त्यांनी यादीतून. निकाल तोच राहील. मला तूर्त शिट्टी नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि व्हाउचर उघडलं. मला वाटलं होतं माणूस निदान रडेल, चिडेल, काहीतरी करेल. त्यांनी मला एका नोंदीतली चूक दाखवली आणि ती दुरुस्त करायला सांगितली.

गुरुवारी ते सेम्बावांगला निघाले. सुनीताने सोबत यायला साफ नकार दिला. ती त्यांच्याशी बोलतही नव्हती. माणसाने असं एकट्याने जाऊ नये म्हणून मी गेले, दुसरं काही कारण नाही.

हॉलमध्ये क्लबचा सराव चालू होता. त्या हॉलमधला शेवटचा. बून एका कोपऱ्यात एकटाच बास्केट टाकत होता. कारखानीस सरळ मधल्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. बॉल थांबले. त्यांचं इंग्रजी एरवी चांगलं, पण त्या दिवशी शाळेतल्या मुलासारखं झालं. माझी चूक झाली, बूनने नियम मोडला नव्हता, तो बॉल उडवण्याचा त्याला हक्क होता, सामना तुम्ही जिंकला होता. एवढं बोलून ते थांबले.

मागे एकजण हसला, पण ते हसू नव्हतं. मला वाटलं होतं बून सुटकेचा श्वास टाकेल. निदान हात तरी मिळवेल. मीच मनात ते दृश्य रचून ठेवलं होतं. बून चालत जवळ आला. कारखानीस त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हते.

"माय फॉल्ट, कॅन," तो हळू आवाजात म्हणाला. "यॉर फॉल्ट, हाऊ?"

मला आधी कळलं नाही. मग तो बोलत गेला आणि कळलं. रविवारी त्याने प्रत्येकाची माफी मागितली होती. सगळे म्हणाले, जाऊ दे, एकत्र हरलो, एकत्र खाली जाऊ. वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग काल बोलले. सगळं मिटलं होतं. स्वतःची चूक माणूस गिळू शकतो. आता हे बरोबर असणं घेऊन त्याने कुठे जायचं? कुणाशी भांडायचं? निकाल तर तोच.

"नेक्स्ट टाइम डोन्ट टेल, लाह," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"नेक्स्ट टाइम ऑल्सो आय विल टेल," कारखानीस म्हणाले.

"व्हॉट नेक्स्ट टाइम?" मागून कुणीतरी ओरडलं. बूनने पाठ फिरवली. बॉल पुन्हा आपटायला लागले आणि आम्ही दोघं त्या बॉलमधून वाट काढत बाहेर आलो.

मी मात्र भडकले होते. एमआरटीत बसल्या बसल्या मी त्यांना सुनावलं. "स्वतःचं मन हलकं केलंत आणि त्याचं जड करून आलात. फुलं पाठवणारे तुम्हीच निघालात."

"हो," ते म्हणाले.

"हो काय? मग केलंत कशाला?"

ते दारावरच्या स्टेशनांच्या नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो बरोबर होता, मेधाबाई. बरोबर असलेल्या माणसाला तेवढं तरी कळायला नको?"

आजही कधी वाटतं त्यांनी त्या पोराचा घात केला, कधी वाटतं याहून मोठं कुणी कुणासाठी काय करणार. दोन्ही वाटतं.

शुक्रवारी नावं जाहीर झाली, त्यांचं नव्हतं. पुढच्या वर्षी वय उलटलं. सुनीता हळूहळू बोलायला लागली. ऑफिसात कारखानीसांनी जगाची वाटणी करणं थांबवलं. साहेब नुसता साहेब झाला आणि आमटी नुसती आमटी. वेई लिंग मुद्दाम काहीतरी कळ काढायची, पण ते हसून सोडून द्यायचे. खिशातली शिट्टीही गेली. मीटिंगमध्ये ते सरकले की आता काही वाजत नसे, आणि ते मला फार लागायचं.

नंतर बँकेने त्यांना दुबईच्या शाखेत पाठवलं. सणासुदीला फोन येतो. पण कारखानीस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतो तो ते जाण्याआधीचा एक रविवार.

सुनीता माझ्याकडे आली ती घाबरीघुबरी होऊन. "हे दर रविवारी तीन वाजता बाहेर पडतात आणि उन्हाने करपून येतात. विचारलं तर म्हणतात काम आहे. आता कसलं गं काम? शिट्टी तर काढून घेतली ना?" तिच्या मनात नाही नाही ते येत होतं. आम्ही दोघी त्यांच्या मागून निघालो, सिनेमातल्यासारख्या, एक डबा सोडून. ते सेम्बावांगला उतरले.

इमारतींच्या मधोमध उघडं कोर्ट होतं. सिमेंट नुसतं भाजत होतं. बूनचा क्लब खालच्या गटातला सामना खेळत होता, प्रेक्षक म्हणाल तर पाच-सहा माणसं आणि एक सायकल. बूनचे वडील छत्री उघडून बसले होते. त्यांच्यापासून थोडं दूर, त्याच बाजूच्या पायरीवर, टोपी घालून कारखानीस. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि त्यांना तिथून उठवतही नव्हतं.

आम्ही मागे जाऊन उभ्या राहिलो. तेवढ्यात बूनने समोरच्याला खांद्याने ढकललं आणि पंचाने शिट्टी वाजवली. फाउल.

कारखानीस ताडकन उठले. "डोळे फुटलेत का रे?" ते शुद्ध मराठीत ओरडले. "आंधळ्या! कुणी शिकवलं तुला? कसला फाउल?"

सुनीताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखायला लागलं. बायकोला लिंबापायी बाद करणारा हा माणूस. पंचाच्या निर्णयावर आयुष्यात भुवई उचलली नव्हती त्यांनी. मान लाल झाली होती, टोपी हातात घेऊन नाचवत होते. आम्ही पुढे गेलो तरी त्यांना आमचं आश्चर्य वाटलं नाही, जणू आम्ही रोजच तिथे येत होतो.

"चुकला का पंच?" मी विचारलं.

"छे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शंभर टक्के बरोबर आहे. ढकललंच त्याने. स्वच्छ दिसलं." आणि पुन्हा दोन्ही हात उंचावून ओरडले, "अरे ए! घरी जा! घरी जा तू!"

कोर्टवर बून थांबला. कमरेवर हात ठेवून, घामाने निथळत, तो आमच्या पायरीकडे वळला. त्याचे वडीलही छत्रीखालून बघायला लागले.

"अंकल!" बून ओरडला. "सिट डाऊन, लाह! रेफ इज राइट!"

कारखानीस बसले.